अठराव्या मजल्याची दोरी

पंचावन्न मीटर दोरी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दोरीवाला एकच प्रश्न विचारतो.

"विहीर फारच खोल दिसते?"

"विहीर नाही, बाल्कनी आहे," मापकाका म्हणाले.

दोरीवाल्याने गुंडाळी खाली ठेवली. "काका, घरातून पळूनच जायचं असेल तर त्या टॉवरला लिफ्ट आहे म्हणतात."

मापकाकांनी या विनोदाकडे दुर्लक्ष केलं, कारण त्यांचं लक्ष दुकानदाराच्या मोजपट्टीकडे होतं. खिशातली स्वतःची पट्टी काढून त्यांनी ती तपासली आणि मीटरमागे दोन मिलिमीटर कमी भरते असं त्याला शांतपणे सांगितलं. दोरीवाल्याने निमूटपणे वर हातभर दोरी सोडली. मापकाकांनी त्यातली अकरा सेंटिमीटर ठेवून बाकीची परत कापायला लावली. पंचावन्न म्हणजे पंचावन्न. कमी ही जशी चूक, तशी जास्त हीसुद्धा चूकच.

वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाचं हे असं होतं. गल्लीने त्यांना मापकाका हे नाव ठेवलं ते प्रेमाने की वैतागून, हे गल्लीलाही नक्की ठाऊक नव्हतं.

दोरीची गरज का पडली, ते समजायला टॉवरची रचना समजली पाहिजे. ही गल्ली म्हणजे शहराचा मधला, तेलकट भाग. लोखंड कातणाऱ्या लेथची वर्कशॉपं, तराजू दुरुस्त करणारे, दोन छापखाने, आणि टॅक्सीवाला ज्या कोपऱ्यावर 'इथून पुढे चालत जा' म्हणतो तो कोपरा. मग एके दिवशी तिथे मोठा फलक लागला: 'शहराचं नवं हृदय. उंचावर जगा.' जुनी चाळवजा इमारत पडली आणि तिच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला. लेथवाल्या नानांच्या वर्कशॉपात कॉफीचं दुकान आलं आणि त्यांचा लेथ शोभेसाठी मध्यभागी ठेवण्यात आला. नाना अधूनमधून तिथे जाऊन सर्वांत स्वस्त कॉफी घेतात आणि शेजारच्या टेबलावरच्या तरुण मंडळींना, काम पकडणारा चक उलटा बसवलाय, हे ऐकवतात.

जुन्या भाडेकरूंना टॉवरमध्ये घरं मिळाली. बहुतेकांनी ती विकून टाकली. मापकाकांनी विकली नाही, आणि त्याचं कारण होतं एक गोटी. जुन्या घरात फरशीवर गोटी ठेवली की ती स्वतःच्या बुद्धीने न्हाणीघराकडे निघायची. नव्या घरात, अठराव्या मजल्यावर, त्यांनी पहिल्याच दिवशी दिवाणखान्याच्या मध्यावर गोटी ठेवली. ती ठेवली तिथेच राहिली. मापकाका बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. एकतीस वर्षं उतरत्या जमिनीवर संसार केलेल्या माणसाचे डोळे असल्या गोष्टीने भरून येऊ शकतात.

काकूंचं मात्र गोटीवर भागेना.

टॉवरचा दरवाजा नव्या रुंद रस्त्याकडे होता आणि भाजीवाली मावशी मागच्या गल्लीत बसायची, काकूंच्या बाल्कनीच्या बरोबर खाली. बरोबर म्हणजे ओळंब्याने बरोबर, कारण बिल्डरने त्या बाजूला एक इंचही जागा सोडली नव्हती. वरून मावशीच्या निळ्या छत्रीचा गोल दिसायचा. पण त्या गोलापर्यंत पोचायचं तर लॉबी, कारंजं, मोठा रस्ता, सिग्नल, चौक आणि मग गल्ली, असं एक किलोमीटर एकशे चाळीस मीटर चालावं लागे. (हे अंतर कुणी मोजलं ते सांगायला नको.) भिंतीत एक मागचं दार होतं, पण त्याला कुलूप होतं. 'ती बाजू अजून विकसित व्हायची आहे,' असं टॉवरचा मॅनेजर म्हणायचा. मावशीने वर यावं म्हटलं तर टॉवरच्या अ‍ॅपवर तिच्या कंपनीचा नोंदणी क्रमांक विचारत. मावशीची कंपनी म्हणजे एक हातगाडी, एक छत्री आणि एक तराजू.

काकू पहिले आठ दिवस चालत गेल्या. नवव्या दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत येताना लॉबीतल्या नव्या रखवालदाराने त्यांना अडवलं आणि अतिशय अदबीने विचारलं, "कुठल्या फ्लॅटला काम करता, मावशी?"

काकू वर आल्या, पिशव्या ठेवल्या, आणि त्या दिवसापासून खाली जाणं बंद. रोज सकाळी त्या बाल्कनीत उभ्या राहून छत्रीकडे बघत फोन करायच्या. खालून मावशी, वरून काकू. एकमेकींना दिसत होत्या, पण मुंगीएवढ्या.

"फोनवर भोपळा दाबून बघता येत नाही," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तीन महिने राहून बघते म्हटलं होतं मी. येत्या महिनाअखेर होतात. नाही जमलं तर धाकटीच्या शेजारचं घर रिकामं आहे. तळमजला आहे."

ही धमकी नव्हती. काकू धमक्या देत नाहीत, तारखा देतात. आणि त्यांची तारीख पाळली जाते.

म्हणून दोरी. जुन्या घरी पहिल्या मजल्यावरून काकू टोपली सोडायच्या, मावशी ती भरायची. तेव्हा साडेतीन मीटर पुरत. आता प्रश्न फक्त उंचीचा होता आणि उंची हा मापाचा प्रश्न असल्यामुळे मापकाका अनेक महिन्यांनी खुशीत होते. मजले अठरा, दर मजला तीन मीटर, झाले चोपन्न, कठड्याचा एक. पंचावन्न. दर मीटरला त्यांनी लाल रंगाची खूण केली. चार दिवस सकाळच्या वाऱ्याच्या नोंदी ठेवल्या आणि साडेआठची वेळ सर्वांत शांत ठरवली.

सल्ले अर्थातच मिळाले. लेथवाले नाना कप्पी घेऊन आले. "हातानं ओढशील तर दुसऱ्या दिवशी खांदा मागे ठेवून ऑफिसात जावं लागेल."

"मी निवृत्त आहे, नाना."

"मग घरीच ठेव. पण कप्पी लाव. आणि दोरीचं स्वतःचं वजन धरलंस का?"

"दोन किलो दोनशे."

नाना नाराज झाले. मापकाकांना सल्ला देण्यात काही मजाच नसते, सगळं आधीच मोजलेलं असतं.

सोमवारी साडेआठला टोपली निघाली. मापकाका खुणा मोजत होते, काकू फोनवर मावशीला टोपलीची हालहवाल सांगत होत्या. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. दोरी सैल पडली.

"अडकली वाटतं," मापकाका म्हणाले.

"अडकली कसली? मावशी म्हणते पोचली. गाडीला टेकून उभी आहे तुमची टोपली."

मापकाकांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं. बारा खुणा अजून हातातच होत्या.

अशा वेळी कच्चा माणूस लगेच बिल्डरवर संशय घेतो. मापकाकांनी आधी स्वतःवर घेतला, मग पट्टीवर, मग दोरीवर. दोरी ताणते, पण इतकी नाही. एवढ्यात खालून मावशीने टोपली भरून हलकेच ढकलली आणि ती मोठ्या ऐटीत झोके घेऊ लागली. खालची मावशी ओरडत होती, काकू "अहो, ओढा, ओढा!" म्हणत होत्या, आणि मापकाका मनगटावरचं घड्याळ बघत होते. दहा झोके झाले. एका झोक्याला तेरा सेकंद आणि थोडं. लंबकाचा झोका त्याच्या लांबीवर ठरतो, त्यात भाजी आहे की गोळा याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पंचावन्न मीटरच्या लंबकाला पंधरा सेकंद लागायला हवे होते. तेराला भरतात त्रेचाळीस मीटर.

म्हणजे दोरी खरं बोलत होती. खोटं बोलत होता तो अठरावा मजला.

पण विचार करायला सवड मिळाली नाही, कारण वर येता येता टोपली नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कुंड्यांच्या मांडणीत अडकली. तिथे एक मुलगी पाठमोरी बसून लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग करत होती. पलीकडच्या अकरा जणांना तिच्या खांद्यामागून एक कोबी सावकाश वर येताना दिसला, थबकला, आणि तिथेच राहिला. तिच्या साहेबांनी विचारलं, हे आपल्यात नवीन कोण?

मुलगी मात्र गुणी निघाली. तिने टोपली सोडवली आणि आत चिठ्ठी टाकली: 'उद्या माझ्यासाठी अर्धा किलो घेवडा. नववा मजला.'

दुसऱ्या दिवशी घेवडा नवव्याला उतरला. हे बाराव्यावरच्या आजोबांनी पाहिलं. मग सातवा. आठवड्याच्या शेवटी टोपली प्रत्येक थांब्यावर थांबणाऱ्या बससारखी वर येऊ लागली आणि अठराव्यापर्यंत पोचेतो तिच्यात काकूंच्या कोथिंबिरीच्या चार काड्या उरू लागल्या. पण काकूंचा चेहरा उजळला होता. आपण सोडून टॉवरमध्ये कुणीतरी राहतं, हे त्यांना प्रथमच कळत होतं. बाराव्यावरचे आजोबा चिठ्ठीत भाजीबरोबर शब्दकोड्यातले अडलेले शब्दही विचारायचे. काकू उत्तर लिहून टोपली सोडायच्या.

शनिवारी तक्रार आली. सोळाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी अ‍ॅपवर लिहिलं होतं: 'रोज सकाळी माझ्या खिडकीसमोरून पालेभाजी वर जाते. मी या देखाव्यासाठी हा फ्लॅट घेतलेला नाही.'

मॅनेजरने मापकाकांना बोलावलं. तरुण, इस्त्रीचा, सतत दिलगीर असलेला माणूस. "काका, परवानगीशिवाय नाही चालणार. फॉर्म भरू या का? 'टोपली' असा प्रकार नाहीये आपल्याकडे. 'गळती', 'आवाज', 'पाळीव प्राणी' आणि 'हवाई डिलिव्हरी' आहे."

"हवाई," मापकाका म्हणाले. तेवढंच सत्याच्या जवळ होतं.

मजला: अठरा. उंची मीटरमध्ये: त्रेचाळीस. फॉर्मने लाल अक्षरांत सांगितलं, 'मजला आणि उंची जुळत नाही.' त्यांनी पुन्हा त्रेचाळीस लिहिलं. पुन्हा लाल.

"चोपन्न लिहा ना, काका. लगेच होतं."

"मी चोपन्न लिहू?"

मॅनेजरला आपण काय बोलून गेलो ते कळलं नाही. पण ज्या माणसाने चौतीस वर्षं ग्रॅमभर घासलेलं वजन कुणाच्या दुकानात राहू दिलं नाही, त्याला अकरा मीटर पदरचे घालायला सांगणं म्हणजे काय! मापकाका उठले आणि लिफ्टऐवजी आगीच्या जिन्याकडे गेले.

इथे एक सांगायला हवं. या टॉवरच्या लिफ्टला बटणं नाहीत. कार्ड दाखवायचं, लिफ्ट आपल्याला आपल्या मजल्यावर नेऊन सोडते. त्यामुळे मधे काय काय आहे हे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. जिना मात्र खोटं बोलत नाही. पार्किंगचा पहिला, पार्किंगचा दुसरा, आणि त्यानंतर दारावर लिहिलेलं होतं: पाच. मापकाका तिथे थांबले. तिसरा आणि चौथा कुणीतरी खाल्ला होता. बारानंतर पंधरा आला. आपल्या दारापाशी पोचल्यावर त्यांनी धापा टाकत बोटांवर हिशेब केला. अठरातून चार गेले. ते चौदाव्या मजल्यावर राहत होते.

"चौदा," ते काकूंना म्हणाले.

"आधी पाणी प्या," काकू म्हणाल्या.

सभा मंगळवारी लॉबीत झाली. विषयपत्रिकेवर फक्त टोपली होती. सोसायटीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, तिसाव्या मजल्यावर राहायचे आणि प्रत्येक वाक्यात निदान एकदा तिसाव्या मजल्यावर राहायचे. "आमच्या तिसाव्यावरून बघितलं तर," त्यांनी सुरुवात केली, "मला वाटतं टोपली बंद करावी लागेल. थोडंसं दुखेल, पण पटकन होईल."

मापकाका दोरी घेऊन उभे राहिले. आवाज न चढवता त्यांनी लाल खुणा दाखवल्या, लंबक समजावला, मधल्या दिवसांत तिसाव्यापर्यंत चढून पाहिलेला जिना सांगितला. शेवटी म्हणाले, "तिसरा, चौथा, तेरावा, चौदावा आणि चोविसावा असे मजले या इमारतीत नाहीत. अध्यक्षसाहेब पंचविसाव्यावर राहतात."

साठ-सत्तर माणसं जागची न हलता दोन-दोन, चार-चार, पाच-पाच मजले खाली आली होती.

"म्हणजे मी अकराव्या मजल्यावरून खाली बघायला घाबरते, ती भीती आठव्याच मजल्याची आहे?" अकराव्यावरच्या एका बाईंनी विचारलं. हिशेब एका मजल्याने चुकला होता, पण भावना खरी होती.

मॅनेजर दिलगीर होत पुढे आला. "हे सगळीकडे असंच असतं, काका. अशुभ आकडे गाळतात, मजलाही उंच वाटतो. तो मजल्याचा नंबर नाही. मजल्याचं नाव आहे."

"असं?" मापकाका म्हणाले. "मग उद्या भाजीवालीनं पाऊण किलोचं नाव 'किलो' ठेवलं तर चालेल?"

नवव्या मजल्यावरच्या मुलीने टाळी वाजवली आणि एकटीच पडल्यामुळे थांबवली. सभा तहकूब झाली.

त्या संध्याकाळी मापकाकांनी आपल्या जुन्या खात्याला अर्ज लिहिला. चार प्रती. 'विषय: राहत्या इमारतीत पाच मजल्यांची तूट.' असा देखणा विषय त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता. सकाळी टोपली सोडायला गेले तर कप्पीला मॅनेजरची चिठ्ठी आणि काचा पुसणाऱ्यांच्या पाळण्यातून येऊन लावलेलं एक छोटं कुलूप लटकत होतं. काकूंनी ते पाहिलं, मावशीला फोन केला, म्हणाल्या, "आज नको गं." आणि दुपारी माळ्यावरून बॅग काढून पुसून ठेवली. महिनाअखेर रविवारी होती.

गुरुवारी चारच्या सुमाराला अध्यक्ष स्वतः आले. चहाचा कप हातात धरून ते बराच वेळ गोटीकडे बघत राहिले.

"ही हलत नाही?"

"नाही. जमीन सपाट आहे. तेवढं काम मात्र त्यांनी चोख केलंय."

"काका, स्पष्टच बोलतो. अर्ज गेला तर चौकशी लागेल, पेपरात येईल, लोक हसतील. मागचं दार आहे ना? रोज सकाळी आठ ते दहा उघडं ठेवू. रखवालदाराला काकूंची ओळख करून देऊ. तुम्ही टोपली गुंडाळा आणि अर्जही."

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला.

मापकाकांसमोर एकीकडे चौतीस वर्षं. दुसरीकडे दाराजवळ पुसून ठेवलेली बॅग.

काकू बाहेर आल्या. "पाठवा हो अर्ज," त्या म्हणाल्या. "जन्मात कुणाला सोडलं नाहीत, ते माझ्यापायी कशाला सोडता? मी धाकटीकडे बरी राहीन. रविवारी येत जा."

रविवारी येत जा! मापकाकांनी गोटीकडे पाहिलं. ती अगदी मधोमध, स्थिर होती. एवढ्या सपाट जमिनीवर एकट्यानं चालायचं, म्हणजे घसरून जायलाही कुणाचं दार नाही.

"आमच्या नियमांत एक तरतूद होती," ते हळूच म्हणाले. "दुकानदारानं गिऱ्हाइकासमोर चूक तोंडानं कबूल केली, तर समज देऊन सोडता येतं. मी ती कधी वापरली नाही."

"मग?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हणा. मी पंचविसाव्या मजल्यावर राहतो."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. घसा खाकरला. "मी..." आणि थांबले.

"थोडंसं दुखेल," मापकाका म्हणाले, "पण पटकन होईल."

"मी पंचविसाव्या मजल्यावर राहतो," अध्यक्ष म्हणाले, आणि दाढ निघाल्यासारखा मोठा श्वास सोडला. जाताना दारात वळून म्हणाले, "खरं सांगू? मला तिथेही भीतीच वाटते."

मापकाकांनी अर्जाच्या चारही प्रती खणात ठेवल्या. मग टोकदार खिळ्याने, स्वतःच्या दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तपासलेल्या वजनावर छाप मारावी तसा आकडा कोरला: १४. खाली साल.

शुक्रवारी सकाळी दोघं मागच्या दाराने बाहेर पडली. रखवालदाराने दार उघडून धरलं, आणि लाजून जमिनीकडे बघत म्हणाला, "काकू, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका."

"नाव काय तुझं?" काकूंनी विचारलं, आणि ते ऐकून घेऊन म्हणाल्या, "वांगी खातोस का?" म्हणजे प्रकरण मिटलं.

दारापासून छत्री सोळा पावलांवर होती. मावशीने काकूंना आपादमस्तक पाहिलं. "वाळलीस गं. वरून दिसत नव्हतं." मग दोघी भोपळ्यावर भोपळे दाबत अर्धा तास बोलल्या, आणि मापकाका पिशवी धरून उभे राहिले. ती बॅग आता माळ्यावर परत चढवायची, एवढं त्यांना न सांगता कळलं.

शेवटी मावशीने मिरच्या तोलल्या. काटा मधोमध आला, थांबला. आणि मग नेहमीप्रमाणे, गेली तीस वर्षं ते ज्यावर हरकत घेत आले होते त्याप्रमाणे, तिने वर मूठभर मिरच्या टाकल्या. पारडं खाली गेलं.

मापकाकांनी तोंड उघडलं.

"गप्प बसा," मावशी म्हणाली. "मजले खाल्लेले चालले ना? मग मिरच्या जास्तीच्या चालतील."

मापकाकांनी तोंड मिटलं आणि पिशवी पुढे धरली.